फरशीवरचा जिल्हा

आमच्या शाळेत बिहार माझ्या वर्गात होता. चौथीच्या वर्गात, ईशान्य कोपऱ्यात, लोखंडी कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत. तो तिथं मी ठेवला नव्हता. शेजारी तिसरीचा वर्ग होता, तिसरीला साळवे बाई होत्या, आणि साळवे बाई भूगोल शिकवायला लागल्या की त्यांच्या वर्गात बिहार मावत नसे.

मी शाळेत नवा असताना एकदा फळ्यावर अपूर्णांक लिहीत होतो. दारातून एक मुलगी आली, दप्तर पोटाशी धरून, आणि कुणाकडंही न बघता सरळ कपाटापाशी जाऊन मांडी घालून बसली. मी विचारलं, "कोणत्या वर्गातली गं तू?"

"तिसरीची."

"मग इथं काय करतेस?"

"गावाला आले, सर," ती म्हणाली.

माझ्या मुलांना यात काहीच नवल वाटलं नाही. पुढच्या रांगेतल्या एकानं मला समजावून सांगितलं, "सर, ती काजल हाय. तिचं गाव समस्तीपूर. बाईंचा भूगोल संपला की जाती परत." मी अपूर्णांकाकडं वळलो. पाऊण तासानं शेजारून टाळी वाजली, काजल उठली, फ्रॉक झटकला आणि निघून गेली. पुढं काही महिने ती आठवड्यातून तीनदा अशी बिहारला येत होती. सहामाही परीक्षेपर्यंत तिला तिसरीबरोबर चौथीचंही बरंच गणित येऊ लागलं होतं.

साळवे बाई उंच आणि काटकुळ्या होत्या. सुती साडी, तिच्याखाली कॅनव्हासचे पांढरे बूट आणि हातात लाकडी मीटरपट्टी, हा त्यांचा वेष. त्या पट्टीनं त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. मोजायचं सोडून पट्टीचा दुसरा उपयोग असतो हे त्यांना पटतच नसे. हसत क्वचित. विनोद केला की स्वतः त्याकडं दुर्लक्ष करत. आणि वर्गात त्या कधी बसत नसत. वर्गातल्या खुर्चीवर पृथ्वीचा गोल बसायचा.

त्या आणि मी दोघंही उस्मानपुऱ्यात राहत होतो. त्यांच्याकडं स्कूटर होती, माझ्याकडं नव्हती, त्यामुळं बजाजनगरपर्यंतचा रस्ता मी रोज त्यांच्या मागं बसून केला. बाईंना डावं-उजवं ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते त्यांना विश्वासाचं वाटत नसे. "माणूस वळला की त्याचं डावं-उजवं बदलतं," त्या म्हणायच्या. "पूर्व जागची हलत नाय." मी मागून "बाई, डावीकडून ट्रक" म्हटलं तर त्या लक्ष देत नसत. "दक्षिणेकडून ट्रक" म्हटलं की लगेच गाडी बाजूला घेत. या शिस्तीमुळं मी फार लवकर दिशा शिकलो. जिवाची काळजी असली की भूगोल पटकन येतो.

एकदा स्कूटर बिघडली म्हणून आम्ही रिक्षा केली. बाईंनी रिक्षावाल्याला सांगितलं, "पुढच्या चौकातून पूर्वेला घ्या."

तो वैतागून म्हणाला, "मॅडम, पूरब-पच्छिम मत बोलो. लेफ्ट बोलो, राइट बोलो."

"नमाज कुठल्या बाजूला तोंड करून पढता?"

"पच्छिम."

"मग त्याच्या उलट घ्या."

त्यानं क्षणभर चौकाकडं पाहिलं, मान डोलावली आणि रिक्षा बरोबर वळवली. आम्ही उतरताना तो मला म्हणाला, "टीचर हैं क्या?" मी म्हटलं, "तिसरीला." तो म्हणाला, "समझ गया."

नकाशा फरशीवर आला त्यामागं एक पंखा होता. तिसरीला आपला जिल्हा शिकवतात. पूर्वी बाईंच्या वर्गातही जिल्ह्याचा नकाशा इतरांसारखाच भिंतीवर टांगलेला असायचा. एके दिवशी त्यांनी मुलांना विचारलं, "उत्तर कुठं हाय?" सगळ्या वर्गानं पंख्याकडं बोट केलं. नकाशात उत्तर वर असते आणि वर पंखा होता, तेव्हा मुलांचं तसं काही चुकलं नव्हतं. बाईंनी त्याच दिवशी नकाशा भिंतीवरून उतरवला. पुढच्या सुट्टीत त्यांनी शहाबादी फरशीवर ऑइलपेंटनं जिल्हा काढला. उत्तर खऱ्या उत्तरेला आणि एका सेंटिमीटरला एक किलोमीटर. खाली गोदावरी, मध्ये शिवना, वर अजिंठ्याचे डोंगर, पैठणपाशी नाथसागराचा निळा डाग. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा त्यांनी वरचं शीर्षक पुसून नवं लिहिलं. नद्या होत्या तशाच ठेवल्या.

जिल्हा त्यांनी वर्गाच्या मध्यभागी न काढता नैर्ऋत्य कोपऱ्यात काढला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "आपल्याकडं लोक उगवतीकडून येतात. मावळतीकडं पुणं हाय. तिकडचा माणूस इकडं कशाला येईल?" बजाजनगर म्हणजे वाळूजच्या कंपन्यांच्या कुशीत वसलेली कामगारांची वस्ती. शाळेत अस्सल तिथलं असं कुणीच नव्हतं. कुणाचे वडील जालन्याहून आलेले, कुणाचे परभणीहून, बुलढाण्याहून, वाशीमहून. दिवाळीत वस्ती एवढी रिकामी व्हायची की शाळेचा शिपाईसुद्धा गावाला जायचा.

बाईंचा नियम असा की भूगोलाच्या तासाला प्रत्येकानं आपापल्या गावी बसायचं. "बस म्हटलं की बसू नये," त्या म्हणायच्या. "कुठं बसतोय ते बघावं." सिल्लोडची मुलं नकाशावरच बसत. जालन्याची त्याच्या कडेला. परभणी फळ्याखाली, यवतमाळ तिसरीच्या पूर्वेकडच्या भिंतीला टेकून. बीडची मुलं दक्षिणेकडच्या भिंतीपलीकडं व्हरांड्यात चपलांच्या रांगेत बसत आणि खिडकीतून उत्तरं देत. लातूरचा एक होता, तो अंतरानं मैदानात यायचा. पण ऊन असेल तेव्हा त्याला बीडमध्ये बसायची सवलत होती. आणि काजलचं गाव पट्टीनं मोजता मोजता भिंतीपलीकडं माझ्या कपाटापाशी निघालं. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग तिला पोचवायला आला होता, असं मला नंतर कळलं.

मुख्याध्यापक काळे सर सज्जन होते, पण त्यांना हे फार पसंत नव्हतं. त्यांचं कार्यालय तिसरीच्या पश्चिमेला होतं. एकदा ते कौतुकाच्या सुरात विचारायला गेले, "बाई, मग तुमच्या नकाशात मी कुठं येतो?"

बाईंनी पट्टी धरली, भिंतीतून पलीकडं मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाल्या, "तुमचं टेबल मुंबईच्या पलीकडं जातं, सर."

"म्हणजे?"

"तुम्ही समुद्रात हाय."

सरांनी पुन्हा विचारलं नाही. मात्र पुढं पावसाळ्यात त्यांच्या कार्यालयात गळती सुरू झाली तेव्हा शिपाई फारसा दचकला नाही.

केंद्रप्रमुख तपासणीला आले त्या दिवशी तर मी घामाघूम झालो होतो. ते आधी माझ्या वर्गात आले. त्यांनी काजलला पाहिलं. "ही लहान दिसते." मी म्हटलं, "तिसरीची आहे, सर." "मग इथं?" मी काही बोलायच्या आत काजलच उभी राहिली आणि म्हणाली, "मी बिहारमध्ये आहे, सर." केंद्रप्रमुखांनी माझ्याकडं पाहिलं. मी शेजारच्या भिंतीकडं पाहिलं. ते तरातरा तिसरीत गेले आणि मी मागोमाग.

"बाई, हे काय चाललंय? मुलं व्हरांड्यात, मुलं दुसऱ्या वर्गात..."

"सर, आपलं गाव कुठलं?" बाईंनी विचारलं.

"माझं? कन्नड. कन्नडपासून आत हाय थोडं."

"आत म्हणजे कुठल्या अंगाला?"

केंद्रप्रमुखांनी नकाशाकडं पाहिलं. मग बूट काढले. मग पँट थोडी वर ओढून उकिडवे बसले आणि बोटानं रस्ता शोधू लागले. "हा घाट... हितून फाटा... हं, इथं." त्यांचा एक गुडघा खुलताबादेत होता. सिल्लोडच्या एका मुलीनं त्यांना जागा करून दिली. ते बराच वेळ तिथं बसले. आपल्या शाळेच्या वाटेवर ओढा होता आणि पावसाळ्यात तो आडवा यायचा, हे त्यांनी मुलांना सांगितलं. जाताना त्यांनी शेरा मारला तो चांगला होता, फक्त विद्यार्थी शक्यतो राज्यात बसवावेत असं त्यात सुचवलं होतं.

मुलं दरवर्षी एक प्रश्न विचारायची. "बाई, तुमचं गाव कुठं?" बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "बसायचं असलं तर गाव लागतं. मी उभी हाय." मुलांना ते पुरत असे. मलाही पुरलं होतं. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा त्या खिडकीशी उभं राहून चहा पीत, आणि माणसाला पाठदुखी असू शकते एवढीच माझी अक्कल चालली.

मग मी आलो त्याच वर्षी, शाळा सुरू होऊन महिना झाल्यावर आम्रपाली हिवराळे नावाची मुलगी तिसरीत आली. बारीक, शांत, दोन घट्ट वेण्या. पहिल्याच भूगोलाच्या तासाला बाईंनी तिला विचारलं, "तुझं गाव?"

"माहीत नाय, बाई."

"घरी विचारून ये."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा म्हणले, आपल्याला गाव नाय."

"गाव सगळ्यांना असतं. बरं, सापडेपर्यंत उभी राहा." आणि तिला वाईट वाटू नये म्हणून पुढं म्हणाल्या, "मी पण उभीच हाय."

तर त्या दोघी उभ्या राहू लागल्या. खिडकीतून जाताना मला दिसायचं. सगळा मराठवाडा खाली बसलेला, आणि मध्ये एक उंच बाई आणि एक बारीक मुलगी उभी. बाई शिकवत असत, आम्रपाली ऐकत असे. ती कधी कुरकुरली नाही, पण हळूहळू तिनं हात वर करणं सोडलं. बसलेल्यांनाच बोलायचं असतं अशी तिची समजूत झाली असावी. बाईंच्या हे लक्षात आलं होतं आणि त्यांना ते लागलं होतं. घरी जाताना त्या दोनतीनदा म्हणाल्या, "त्या पोरीला बसवायला पाहिजे, सर. लई दिवस झाले."

मार्ग निघाला तो आम्रपालीच्या आजीमुळं. एका दुपारी आजी नातीला न्यायला फाटकाशी आली होती. बाईंनी सहज विचारलं, "आजी, गाव कुठलं तुमचं?" म्हातारीनं मागंपुढं न बघता नाव सांगितलं. जिल्ह्याच्या उत्तरेकडचं, डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. नाव सांगितलं आणि ती लगेच नातीचा हात धरून चालू लागली. बाईंना तेवढं पुरे होतं. पुढच्या तासाला त्यांनी पट्टीनं मोजलं, खडूनं ठिपका केला आणि आम्रपालीला म्हणाल्या, "ये. सापडलं तुझं गाव. बस."

आम्रपाली बसली. तिच्या गावापासून अजिंठ्याचे डोंगर फक्त बोटभर होते. त्या दिवशी तिनं दोनदा हात वर केला. बाई परतीच्या वाटेवर खुशीत होत्या. खुशीत म्हणजे त्यांनी एका वळणावर हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्रपालीचे वडील आले. पहिली पाळी अर्ध्यावर सोडून आले होते. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात हेल्मेट. मुलं मैदानात होती. मी तिसरीत बाईंशी बोलत होतो, तिथंच थांबलो.

"साळवे मॅडम कोन?"

"मी. बसा."

"बसत नाय." ते दारातच उभे राहिले. त्यांची नजर फरशीवर गेली आणि ते नकाशा बघत राहिले. "ह्योच का त्यो?"

"व्हय. हा आपला जिल्हा."

"माझी पोरगी काल घरी आली आन म्हनली, पप्पा, मी आपल्या गावाला बसते. लई खूश व्हती." त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "एक विचारायचं व्हतं, बाई. तुमी तिला तिथं का बसवलं?"

"सगळ्यांनाच आपापल्या गावी बसवते."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "माझा बाप एकदा तिथल्या पारावर बसला व्हता. शेतावरनं आला व्हता, पाय दुखत व्हते म्हणून बसला. त्याला उठवला. नुसता उठवला नाय. त्यानंतर आमी तिथं ऱ्हायलो नाय, आन घरात त्या गावाचं नाव बी घेत नाय." त्यांनी हेल्मेटनं नकाशाकडं दाखवलं. "तिथं बसू दिलं नाय म्हणून तर इथं आलो, बाई. आन तुमी माझ्या पोरीला परत तिथंच बसवलं."

बाहेर मुलं लंगडी खेळत होती. मी खुर्चीवरच्या पृथ्वीच्या गोलाकडं बघत होतो.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

हिवराळे भांडायच्या तयारीनं आले होते. एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. त्यांनी ओळखपत्राची दोरी नीट केली. "तसं नाय, बाई. शिकवता तुमी चांगलं, पोरगी सांगती. कुठं बी बसवा. तिथं नको."

"कुठं बसवू?"

"जिथं ऱ्हाते तिथं बसवा की. बजाजनगरला."

बाईंनी फरशीकडं पाहिलं. शहराच्या नैर्ऋत्येला बजाजनगरचा लाल ठिपका त्यांनी स्वतःच काढला होता, बाटलीच्या झाकणाएवढा. त्याच्यावर कधी कुणी बसलं नव्हतं. सगळी शाळा तिथं राहत होती आणि तेवढीच एक जागा रिकामी होती.

त्या दिवशी परत येताना नगर नाक्याच्या अलीकडं बाईंनी स्कूटर लिंबाखाली उभी केली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. त्या उतरल्या नाहीत. समोर बघतच बोलू लागल्या.

"मुलं विचारतात ना, माझं गाव कुठं."

"हं."

"पाचोडच्या मावळतीला हाय आमचं गाव. मी तिसरीतच होते आम्ही निघालो तेव्हा. त्यांच्यात पारावरनं झालं, आमच्यात विहिरीवरनं. बाकी तेच." मग आरसा नीट करत, "बापानं मरेपर्यंत त्या गावाचं नाव घेतलं नाय. मी पण नाय घेतलं. जिल्हा काढला तेव्हा तिथं ठिपका सुद्धा दिला नाय."

मी विचारलं, "मग बाकीच्यांना का बसवत होता, बाई?"

"मला वाटायचं, त्यांना तरी असावं." त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. "त्या पोरीला मी इतके दिवस उभं केलं, सर. आन बसवली ती तिथं. मला तिच्याकडं बघायची लाज वाटते."

फार वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल आणि त्या निळ्या शर्टातल्या माणसाबद्दल, दोघांबद्दल सारखंच. इतके महिने त्यांच्या मागं बसून मी सगळ्या दिशा शिकलो होतो, आणि समोरच्या बाईला कोणत्या दिशेला बघायचं नसतं हे मला कळलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "चला, पूर्वेला सिग्नल सुटला," आणि स्कूटर सुरू केली.

पुढच्या भूगोलाच्या तासाला मी माझ्या वर्गाला वाचन दिलं आणि तिसरी-चौथीमधल्या दारात उभा राहिलो. बाईंनी आम्रपालीला बोलावलं, बजाजनगरचा ठिपका पट्टीनं दाखवला आणि म्हणाल्या, "तू इथली. बस इथं."

आम्रपाली लाल ठिपक्यावर बसली. तिच्या फ्रॉकखाली अख्खं बजाजनगर आणि वाळूजच्या बऱ्याच कंपन्या झाकल्या गेल्या. वर्ग बघत राहिला.

"बाई," जालन्याची एक मुलगी म्हणाली, "मी पण इथंच ऱ्हाते. मी तर हितंच झाले."

"मग?"

"मग मी जालन्याला का?"

बाईंनी पट्टी जालन्यावरून उचलून लाल ठिपक्याकडं वळवली. "ये मग," त्या म्हणाल्या.

जालना उठलं. मग परभणी उठली. सिल्लोड सरकत आलं. बीडची मुलं चपला तुडवत खिडकीऐवजी दारातून आत आली आणि लातूर त्यांच्या पुढं पळत आलं. माझ्यामागं कपाटापाशी खुडबुड झाली. काजलनं दप्तर उचललं होतं.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"बजाजनगरला," ती म्हणाली, आणि गेली.

बाटलीच्या झाकणाएवढ्या ठिपक्यावर सगळी तिसरी बसली होती. कुणाची मांडी कुणाच्या मांडीवर, कुणाची वेणी कुणाच्या तोंडात. मध्ये आम्रपाली, सगळ्यात आधी आल्यामुळं जागेची मालकी तिच्याकडं होती आणि ती सगळ्यांना "सरका, सरका" म्हणून सांगत होती. बाकी जिल्हा ओस पडला होता. बाई पट्टी घेऊन उभ्या होत्या.

"मावत नाय, बाई," कुणीतरी म्हणालं.

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "ठिपका लहान काढला मी."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मैदानात चुन्याच्या फक्कीनं नुसतं बजाजनगर काढलं. गल्ल्या, पाण्याची टाकी, बाजार, कंपन्यांची फाटकं. प्रत्येकजण आपापल्या घरी बसला. आम्रपालीचं घर टाकीच्या दक्षिणेला निघालं आणि काजलचं तिच्याच शेजारच्या गल्लीत. ही गोष्ट दोघींना तोवर माहीत नव्हती. पाऊस आला की बजाजनगर वाहून जायचं आणि बाई ते पुन्हा काढायच्या. फरशीवरचा जिल्हा तसाच राहिला, पण तो नद्या आणि डोंगरांपुरता. काळे सरांना कुणीतरी जाऊन सांगितलं की ते आता समुद्रात नाहीत. त्यांनी चहा मागवला.

माझ्या वर्गाचा ईशान्य कोपरा रिकामा झाला. तिथं मी झाडू ठेवायला लागलो. मला काजलची आठवण यायची, हे लिहिताना जरा संकोच वाटतो, कारण ती भिंतीपलीकडंच होती.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेनं निरोप समारंभ केला. मंचावर खुर्ची मांडली होती. बाईंनी शाल उभ्यानं घेतली, नारळ उभ्यानं घेतला, सगळी भाषणं उभ्यानं ऐकली, आणि त्यामुळं बाकीच्या पाहुण्यांनाही अवघडून उभं राहावं लागलं. भाषणं त्यामुळं आटोपशीर झाली. एका मुलीनं विचारलं, "बाई, आता तुम्ही कुठं जानार?" त्या म्हणाल्या, "उस्मानपुऱ्याला. उत्तरेला वळलं की तिसरं घर."

त्यानंतर त्या मला शहरात क्वचित भेटल्या. शेवटची भेट झाली ती पाचोडला. मी एका नातलगाच्या साखरपुड्यासाठी एस.टी.नं बीडला निघालो होतो. सकाळची वेळ, पाचोडचा आठवडी बाजार. गाडी स्टँडवर थांबली, वाहकानं चहाला वेळ दिला. मी पाय मोकळे करायला बाजाराकडं वळलो, आणि मोसंब्यांच्या ढिगाशेजारी मला पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले.

बाई बसल्या होत्या. मोसंब्यांचं रिकामं क्रेट पालथं घालून, त्यावर पाय जुळवून. आयुष्यात मी त्यांना स्कूटर-रिक्षा सोडून कुठंही बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळं ओळखायला मला वेळ लागला. विकणारी बाई त्यांच्या ओळखीची नव्हती, पण तिनं त्यांना चहा दिला होता.

"बाई, तुम्ही इथं?"

"बाजार हाय ना आज." त्यांनी मला मोसंबं दिलं. "मागच्या बाजारी पण आले होते. त्याच्या मागच्या पण."

काही खरेदी केलेली दिसत नव्हती. पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली होती. मी विचारायचं टाळलं असतं, पण त्यांनीच बोटानं दाखवलं, टिनाच्या शेडपलीकडं, मावळतीला. "त्या अंगाला. नकाशावर दोन बोटं."

"जाणार?"

"नाय." मग म्हणाल्या, "बापानं सांगितलं होतं, तिकडं पाय ठेवायचा नाय. बाजाराचं काही बोलला नव्हता. लहानपणी त्याच्यासंगं यायचे मी हितं, खांद्यावर बसून. गाव तसं वंगाळ नव्हतं हो, सर. चिंचा होत्या लई. मला ते आठवतं आन माझाच राग येतो." हे त्यांनी चहाचा घोट घेता घेता, वाहतुकीबद्दल बोलावं तसं सांगितलं. त्यांचे डोळे मात्र ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

एस.टी.नं हॉर्न दिला. मी निघालो. खिडकीशी बसून पाहिलं तर बाईंवर ऊन आलं होतं. मोसंबीवाली काहीतरी म्हणाली, बहुतेक सावलीत सरका म्हणून. बाई उठल्या, क्रेट उचललं, चार पावलं गेल्या आणि ते खाली ठेवून पुन्हा बसल्या.

माझ्या लक्षात आलं की सावली उगवतीच्या बाजूला होती. बाई मावळतीला सरकल्या होत्या, उन्हात. दिशेच्या बाबतीत त्यांची चूक होणं शक्य नव्हतं. गाडी वळेपर्यंत मी त्यांच्याकडं बघत राहिलो. गावाच्या त्या दोन बोटांतलं किती कमी झालं ते सांगता येणार नाही. त्यांच्या नकाशावर ते दिसलंही नसतं.